चवडे पेटलेले

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय चिमे,

200 किलोमीटरची सायकल-ब्रेव्हे तू 140 किलोमीटरवर सोडलीस, हे ताईकडून कळलं. मला तू नुसतंच लिहिलंस, "मावशी, माझ्यात दम नाही." ताई मात्र म्हणाली, की बूट काढून रस्त्याकडेच्या नळाखाली पाय धरून बसली होतीस. मग यात दमाचा संबंध कुठे आला? छाती शाबूत, पोटऱ्या शाबूत, फक्त चवडे पेटलेले. हा बुटाचा प्रश्न आहे गं.

मला हे कळायला दोन वर्षं लागली. वाई मागे टाकून पसरणी घाट चढत होते. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती अक्षरशः गेली, आणि तेही कुणावर न चिडता. करंगळीकडची दोन बोटं जागेवर आहेत की नाहीत, ते समजेना. बरोबरचे सांगत होते, "होईल सवय." मीही ते खरं धरलं. आपण पडलो चपला घालणारी माणसं. कोल्हापुरी आधी चावते, मग तेल पाजायचं, आठ दिवस घरात वापरायची, की ती पायाची होते. सायकलच्या बुटाचं तसं नाही. त्याचा सोल मुद्दाम कडक ठेवतात, म्हणजे जोर सोल वाकवण्यात वाया न जाता पेडलवर पडतो. वरचं कृत्रिम कापडही नावापुरतंच सैलावतं. पहिल्या दिवशी आवळणारा बूट शंभराव्या दिवशीही आवळतो.

आता हिशेब बघ. मिनिटाला 80 फेऱ्या धरल्या, तर दहा तासांत 48,000 वेळा तोच चवडा, तीच बोटभर जागा दाबली जाते. त्यात बूट बाजूंनी आवळत असेल, तर बोटांच्या हाडांमधले मज्जातंतू चिमटतात. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग आग. शिवाय ऑक्टोबरच्या उन्हात पाऊल सुजतं. सकाळी छान बसलेला बूट दुपारी लहान होतो, तो त्यामुळे.

माझ्या बाबतीत दुकानदाराने भर घातली. अरुंद वाटतोय म्हटल्यावर त्याने 39 ऐवजी 40 पुढे केला. युरोपीय मापात एका नंबराने लांबी जवळजवळ पावणेसात मिलिमीटर वाढते, रुंदी मात्र त्या मानाने थोडीच. माझं पाऊल लांब नव्हतं, ऐसपैस होतं. परिणाम असा, की बोटांपुढे मोकळं मैदान, बाजूंना दाटी, आणि टाच आत खालीवर. ती आवरायला मी पट्टे आणखी ओढले, तर पावलाचा वरचा भागही दुखू लागला. पैसे गेले ते गेलेच. (तुझ्या काकांना खरी किंमत अजून सांगितलेली नाही.)

तेव्हा नवीन काही घेण्याआधी आहे त्या बुटातला इनसोल बाहेर काढ, जमिनीवर ठेव आणि त्यावर उभी राहा. बसून नाही, पूर्ण वजन टाकून. पाऊल कडेबाहेर सांडत असेल, तर पुढची चर्चाच नको, बूट बदल. शिमानो, लेक यांच्याकडे काही मॉडेल रुंद मापातही मिळतात. खरेदीला संध्याकाळी जा, जमल्यास सायकलवरूनच, आणि राइडला घालतेस तेच सॉक्स घालून. जाड सॉक्स घातलेस तर आतली जागा तेवढी कमीच होते.

पाऊल मावत असेल, तर बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी क्लीट बघ. तुझ्या दोन स्क्रूंच्या क्लीटला 4 मिलिमीटरची ॲलन की लागते. आधी पेनाने जुन्या जागेची खूण कर, मग दोन-तीन मिलिमीटर टाचेकडे सरकव. चवड्यावरचा भार थोडा मागे जातो. मला याने जेवढं सुख मिळालं, तेवढं महागड्या इनसोलने नाही. क्लीट फारच मागे नेलीस, तर सीट किंचित खाली घ्यावी लागेल. आणि चढावर जड गिअर रेटत बसू नकोस. हलका लाव, पाय भराभर फिरू दे.

ब्रेव्हेत पुढचे पट्टे तासातासाने सैल कर. 200 ला साडेतेरा तास असतात, बूट काढून बोटं हलवायला पाच मिनिटं दिलीस तर काही बिघडत नाही.

एक मात्र लक्षात ठेव. घरी आल्यावरही बधिरपणा तासन्‌तास राहिला, किंवा सायकल न चालवताही आला, तर बुटाला दोष देऊ नकोस. डॉक्टरांकडे जा. आजोबांची साखर पायाच्या बधिरपणातूनच उघडकीस आली होती, आणि तेही कितीतरी महिने चपलेलाच शिव्या देत होते.

रविवारी राइडवरून आलीस, की अंघोळीआधी कागदावर उभी राहा आणि ताईकडून दोन्ही पावलं गिरवून घे. उजवं-डावं लिही. वर्तमानपत्र घेऊ नकोस, मागच्या वेळी त्या छपाईत रेघच दिसली नव्हती.

तुझी,
मावशी