घरचे दही

तळेगाव दाभाडे स्टेशनाजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या त्या कुटुंबात गेल्या पौषात, चौविहाराचे जेवण उरकल्यावर, घरखर्चाची वही टेबलावर उघडली गेली. मूळ दुकान गावातल्या बाजारपेठेत, भांड्यांचे, आजोबांच्या काळापासूनचे. थोरल्या मुलाने त्याला चाकणच्या कारखान्यांना पुठ्ठ्याची खोकी आणि पॅकिंगचे सामान पुरवण्याचा व्यवसाय जोडला होता. इंदोरीवरून चाकणला जाणारा रस्ता आणि त्यावरची वाहनांची कोंडी त्याला घराच्या जिन्याइतकी परिचित. माल वेळेवर पोचत असे. पैसे मात्र तीन-तीन महिने येत नसत. लहान उद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करावीत असा कायदा आहे. पण ते संरक्षण उत्पादकाला आणि सेवा पुरवणाऱ्याला. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने उद्यम नोंदणी केली, तरी उशिरा आलेल्या पैशांसाठी त्याला त्या कायद्याचा आधार मिळत नाही. वाचकांपैकी अनेकांना हा अनुभव सांगावयास नको.

वही सासऱ्यांच्या हाती होती. एकेक ओळ वाचता वाचता ते एका नोंदीवर थांबले. दही, दोन डबे, रोज.

घरात सहा माणसे. चारशे ग्रॅमचा डबा चाळीस रुपयांना. दोन डब्यांचे रोज ऐंशी, महिन्याचे चोवीसशे. तेवढेच दही घरी लावावयाचे तर पाऊण लिटरहून थोडे अधिक दूध लागते, कारण लिटरभर दुधाचे जवळजवळ किलोभर दही होते. उकळताना थोडे पाणी तेवढे उडून जाते. अठ्ठावन्न रुपये लिटरच्या भावाने हा खर्च महिन्याला चौदाशेच्या आत. शिवाय वेष्टनबंद, लेबल लावलेल्या दह्यावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागला, तोही डब्याच्या किमतीतच बसलेला. फरक महिन्याला हजाराचा, वर्षाला बारा हजारांचा.

मुलगा किंचित हसला. अडकलेली रक्कम लाखांत आणि चर्चा हजाराची.

"ती वसुली आपल्या हातात नाही," सासरे म्हणाले, "ही आहे."

पैशापैशाच्या जमवाजमवीचे या गावाला तसे नवल नाही. माणशी एक पैसा मागत अंताजी दामोदर काळे यांनी जो पैसा फंड उभा केला, त्यातूनच १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. सासऱ्यांना ही हकीकत सांगावयाची हौस होती आणि त्या रात्री ती पुन्हा सांगून झाली.

दही लावण्याचे काम अर्थातच सुनेकडे आले. वहीत मजुरीचा रकाना नव्हता.

ती चिंचवडची. माहेरीही दही विकतचेच. पहिल्या दिवशी तिने उकळते दूध जरासे निवताच विरजण घातले; सकाळी पातेल्यात चोथा आणि पाणी वेगळे झालेले. दुसऱ्या दिवशी भीतीने दूध अगदी गार होऊ दिले; सकाळी दूध दूधच होते, फक्त किंचित आंबूस. तिसऱ्या दिवशी चमचा वर उचलला तर दह्याला तार सुटली. तळेगावची हवा पुण्याहून थंड, त्यात पौषातली रात्र. तीन दिवसांत अडीच लिटर दूध वाया गेले. ते तिने वहीत प्रामाणिकपणे नावे टाकले आणि पहिल्या आठवड्याची बचत वजा निघाली.

सासूबाई हे सारे पाहत होत्या. घरात त्यांना सगळे 'बाई' म्हणतात. पूर्वी गावातल्या वाड्यात असताना दही त्याच लावीत. स्टेशनाजवळच्या सदनिकेत आल्यावर नातवंडांना डब्यातले घट्ट, गोडसर दही आवडू लागले, घरचे दही उरू लागले आणि बाईंनी ते लावणे बंद केले. कोणी काही बोलले नव्हते. त्याही बोलल्या नव्हत्या.

चौथ्या दिवशी दुपारी बाई स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "शेजारून विरजण आण. दिवस मावळायच्या आत आण, मग त्या देणार नाहीत." शेजारच्या मराठी काकू तिन्हीसांजेनंतर विरजण देत नसत, हे बाईंना ठाऊक होते. "आणि विचार, कधी लावलेलं आहे."

मग त्यांनी एकेक गोष्ट दाखवली. दूध नीट उकळून मंद आचेवर आणखी थोडा वेळ ठेवावयाचे. असे तापल्याने दुधातील प्रथिनांची घडण बदलते आणि दही घट्ट लागते. बाईंना प्रथिनांचे ठाऊक नव्हते, पण दहा मिनिटांचे ठाऊक होते. दूध निवू द्यावे आणि त्यात करंगळी बुडवून सावकाश दहा आकडे मोजावेत. बोट भाजू नये, पण ऊब स्पष्ट जाणवावी. तापमापकाने पाहिले तर ही ऊब त्रेचाळीस अंशांच्या आसपास भरते आणि दही बांधणाऱ्या सूक्ष्मजीवांना तीच मानवते. त्याहून फार तापले तर ते मरतात, फार निवले तर त्यांचे काम मंदावते आणि भलतेच जीव बळावतात. तार सुटते ती यामुळे. अर्ध्या लिटरला विरजण एक लहान चमचा. अधिक घातले तर दही लवकर आंबते आणि पाणी सोडते. सुनेने तिसऱ्या दिवशी धास्तीने चार चमचे घातले होते. विरजण चांगले मोडून दुधात मिसळावयाचे, भांडे झाकून जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवावयाचे आणि सकाळपर्यंत हलवावयाचे नाही.

"काय बघतेस सारखी उघडून? त्याला झोपू दे," बाई म्हणाल्या.

सकाळी दही लागले होते. अगदी चक्का पडावा तसे नव्हे; पण वाटी तिरकी केली तरी ते जागचे हलत नव्हते. सुनेने पहिली वाटी बाईंपुढे ठेवली आणि लगेच तिला आठवले, की बाई दही घेत नाहीत. कफ होतो म्हणून त्यांनी दही सोडले आहे, असेच या घरात आल्यापासून ती ऐकत होती.

बाईंनी वाटी जवळ ओढली. "कालच लावलं ना?"

"हो. तुमच्यासमोरच."

"मग दे. मीठ दे थोडं."

सून पाहतच राहिली. मग तिने फ्रिजमधला उरलेला शेवटचा डबा काढला आणि त्यावरची तारीख वाचली. डबा आणला होता रविवारी; आतले दही त्याच्याही तीन दिवस आधीचे होते. दोन रात्री उलटलेले, सोळा प्रहरांपलीकडचे दही न खाण्याची मर्यादा तिला ऐकून माहीत होती, जशी कच्च्या दह्यात कडधान्य न मिसळण्याची माहीत होती. कढी करताना आधी ताक तापवून मगच त्यात बेसन घालावयाचे, हे या घरात ती रोज पाळत होती. पण डब्यावरच्या तारखेशी या मर्यादेचा संबंध तिने कधी लावला नव्हता. तिनेच काय, कोणीच लावला नव्हता. बाईंनी डबा आणू नका असे म्हटले नाही, नातवंडांना अडवले नाही. आपल्या ताटातून दही तेवढे काढले आणि कारण सांगितले कफाचे. असे सहा वर्षे.

रात्री तिने ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. "मला विचारायला हवं होतं," एवढेच शेवटी म्हणाला.

फाल्गुनात अडकलेल्या रकमेपैकी निम्मी आली. सासऱ्यांनी वही पुन्हा उघडली. वाया गेलेले दूध वजा जाता दोन महिन्यांत अठराशे रुपये वाचले होते. डबे पुन्हा सुरू करावयाचे का, असे नातवाने विचारले. त्याला ते गोड दही अजून हवे होते. यावर घरात मतभेद झाले आणि आठवड्यातून एकदा, रविवारी, त्याच्यापुरता एक डबा आणण्याचे ठरले.

शेजारच्या काकूंची विरजणाची वाटी इतके दिवस तशीच ओट्यावर राहिली होती. रिकामी कशी परत करावयाची म्हणून सुनेने त्या दुपारी ती ताज्या दह्याने भरली. घड्याळात साडेपाच वाजले होते. "लवकर जा," बाई आतून म्हणाल्या.