मध्यरात्रीचा श्रोता

आमच्या वयाचे चार प्राध्यापक शिक्षकदालनांत जमले आणि चहाचा पेला हातीं आला, म्हणजे आजच्या विद्यार्थ्यांवरील आरोपपत्र तयार होण्यास फारसा वेळ लागत नाहीं. पहिलें कलम कानांतल्या इअरफोनविषयीं असतें. मुलगा वर्गाबाहेर पडतो न पडतो तोंच तीं दोन बोंडें कानांत जातात; मग तो जिना उतरतो, खानावळींत जेवतो, दुचाकीवर बसतो (हें मात्र खरोखर दंडनीय आहे), आणि या साऱ्या वेळांत तो आपल्यांत नसतोच. दुसरें कलम असें कीं, तीन मिनिटांहून अधिक काळ कोणतेंहि गाणें त्याच्यानें ऐकवत नाहीं.

या दुसऱ्या कलमाखालीं सही करण्यास आम्ही तयार नाहीं. ज्या पिढीच्या रसिकतेचे आपण गोडवे गातों, तिचे कान घडले तेच मुळीं तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांवर. १९०२ सालीं गौहरजाननें कलकत्त्यास ध्वनिमुद्रण केलें, तेव्हां रागाचें रूप, ताना आणि अखेरीस इंग्रजींतून स्वतःचें नांव, इतकें सगळें तिला तेवढ्याच अवकाशांत बसवावें लागलें. अब्दुल करीमखांसाहेबांची मैफल ज्यांच्या नशिबीं नव्हती, त्यांच्या घरीं खांसाहेब पोंचले तेहि याच चिमुकल्या मापानें. माप लहान म्हणून भूक लहान, असें कोणी तेव्हां म्हटलें नाहीं.

आमचा एक विद्यार्थी सोलापूर जिल्ह्यांतून पुण्यास आला आहे. सकाळीं महाविद्यालय, दुपारीं एका दुकानांत हिशेबाचें काम, संध्याकाळीं सदाशिव पेठेंतली अभ्यासिका, रात्रीं डबा, असा त्याचा दिवस. वसतिगृहाच्या एका खोलींत तिघे राहतात आणि दिवा केव्हां मालवावा यावरून त्यांच्यांत रोज तह होतो व रोज मोडतो. २०१६ सालीं ‘सैराट’ आला तेव्हां हा अकरा वर्षांचा होता. त्या गाण्यांवर गांवच्या वरातींत तो नाचला. त्यांतील वाद्यवृंदाचें ध्वनिमुद्रण पार अमेरिकेंत झालें होतें, हें त्याला पुष्कळ मागाहून कळलें. तो आजहि त्याचा आवडता चित्रपट आहे, आणि तसें सांगतांना तो ओशाळत नाहीं, हें आम्हांस फार बरें वाटतें.

त्याचा दुसरा आवडता चित्रपट म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. २०२० सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत पटकथेचें पारितोषिक मिळविणारा हा चित्रपट त्यानें मोबाइलवर दोन रात्रींत पाहिला. गाण्यासाठीं आयुष्य वेचूनहि मोठा गवई होऊं न शकणाऱ्या तरुणाची ही कथा. हा तरुण रात्रीं मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल हांकीत असतो आणि त्याच्या कानांत माई नांवाच्या गायिकेचीं जुनीं व्याख्यानें चाललेलीं असतात. माई पडद्यावर दिसत नाहींत, केवळ ऐकूं येतात. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. चित्रपट अर्धा कळला नाहीं, असें आमचा विद्यार्थी म्हणाला. परंतु त्या रस्त्यावरचा तो मुलगा आपल्यासारखाच आहे, हें त्याला कळलें, आणि तो गाणें शोधूं लागला.

एके दिवशीं तास संपल्यावर त्यानें विचारलें, “सर, दरबारी रात्रींच ऐकायचा असतो का?”

“तूं केव्हां ऐकतोस?”

“एक वाजतां. तेव्हांच खोली शांत असते.”

आम्ही विद्यार्थी होतों तेव्हां सवाई गंधर्व महोत्सव रात्ररात्र चाले. १९५३ पासूनची ती प्रथा. शाल, सतरंजी, थर्मास घेऊन बसावें, मध्यरात्र उलटल्यावर दरबारी किंवा अडाणा ऐकावा, पहांटे ललत, आणि उजाडतां उजाडतां भैरवी घेऊन घरीं जावें. पुढें २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. वर्षांतले मोजके दिवस काय ती बारापर्यंत सवलत. आजारी माणसें आणि परीक्षेचीं मुलें यांचा विचार करतां नियम योग्यच आहे. परंतु त्यामुळें उत्तररात्रीचे राग मोठ्या मांडवाला बव्हंशीं पारखे झाले. सायंकाळीं सातला दरबारी ऐकणें आतां आपल्या अंगवळणीं पडलें आहे. अशा वेळीं ज्या मुलाच्या इअरफोनवर आपण खटला भरतों, तोच रात्रीं एकला, डोक्यावर चादर ओढून, तो राग त्याच्या प्रहरीं ऐकत असतो.

म्हणून त्याचें सर्व बरें चाललें आहे असें मात्र नाहीं. एका रात्रीं दरबारी संपल्यावर मोबाइलनें आपण होऊन ‘निद्रेसाठीं संगीत’ लावून दिलें, असें त्यानें सांगितलें. दरबारींतील कोमल गांधाराचें आंदोलन यंत्राला अंगाईसारखें वाटलें असावें. मांडवांत असें होत नसे. आम्हांला विलंबित एकताल मोजावयास शिकविला तो शेजारीं बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्यानें, तेंहि एक अक्षर न बोलतां. त्याचें बोट त्याच्या गुडघ्यावर पडे आणि आम्ही तिकडे पाहात असूं. समेवर त्याची मान हाले, मग आमची. या मुलाला तो गुडघा कोठून मिळणार? चादरीखालीं दाद द्यावी तर कोणाला?

हें आम्हीं त्याला बोलून दाखविलें. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला कीं, दिव्यावरून सर्वांत अधिक भांडणारा जो सोबती, त्यानें गेल्या महिन्यापासून डाव्या कानाचा इअरफोन मागून घेतला आहे. तालाचें त्याला कांहींच कळत नाहीं. सम आली कीं हा त्याच्या गुडघ्यावर बोट मारतो.