तुटक रेघ

भूमितीच्या पुस्तकाशी माझे एक जुने भांडण आहे. ते सुरू होते बिंदूपासून. मग रेषा, मग त्रिकोण, चौरस, वर्तुळ, आणि वर्ष संपत आले असताना घाईघाईने घन, शंकू व गोल. जगात मात्र क्रम नेमका उलटा आहे. पाळण्यातल्या पोराच्या हाती पहिल्याने येतो तो खुळखुळा. पुढे चेंडू, लिंबू, लाडू. ज्याला जाडी म्हणून नाहीच असा चौरस त्याने कधी पाहिलेला नसतो. तुम्हीआम्ही तरी कुठे पाहिला आहे? पातळातल्या पातळ कागदालाही जाडी असतेच!

जर्मनीतल्या फ्रोबेलने हे ओळखले होते. १८३७ साली त्याने ब्लांकेनबुर्ग गावी मुलांच्या खेळण्यांचे कार्य आरंभिले. त्याच्या पहिल्या पेटीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसरीत लाकडाचा गोल, घन आणि वृत्तचिती. सपाट तुकडे पुष्कळ पुढे येतात.

माझ्या वर्गात एका सुताराचा मुलगा होता. घरी बापाच्या हाताखाली तो ठोकळे तासून चौरस करी. पण भूमितीत 'ढ' ठरून मागच्या बाकावर बसे. परीक्षेत घनाची आकृती देऊन 'पृष्ठे किती?' असे विचारले होते. त्याने लिहिले, 'तीन'. परीक्षकाने लाल शाईने शून्य दिले. पण आकृतीकडे नीट पाहा. समोर तीनच पृष्ठे दिसतात! मागच्या कडा तुटक रेघांनी काढलेल्या असतात, आणि तुटक रेघ म्हणजे 'आहे, पण दिसत नाही' असा शिकलेल्या लोकांनी आपसात केलेला करार. त्या करारावर या पोराची सही कुणी घेतलीच नव्हती.

त्या दिवाळीत वर्गाने आकाशकंदील करायला घेतला. अठरा चौरस आणि आठ त्रिकोण यांचा. हुशार मुले कागदावर आकृती काढत बसली. याने कामट्या एका मापाने तोडल्या आणि दातांनी दोरा तोडीत सांगाडा बांधून काढला. ४८ कामट्या, २४ कोपरे, दर कोपऱ्याशी चार कामट्या. पतंगी कागद चिकटवण्यापूर्वी कुणीतरी त्यापुढे दिवा धरला. भिंतीवर सावली पडली. पुढच्या कामट्यांची पडली तशी मागच्यांचीही. तो क्षणभर पाहत राहिला, आणि ओरडला, "गुरुजी, ही पाहा तुमची तुटक रेघ!"

त्यानंतर त्याला मागच्या बाकावर बसवण्याची कुणाची छाती झाली नाही.

कंदील टांगण्याआधी आम्ही एक गंमत केली. वरचा व खालचा उघडा चौरस धरून पृष्ठे मोजली, ती २६. त्यांत २४ कोपरे मिळवले आणि ४८ कडा वजा केल्या. उरले २. काड्यापेटी घेतली, ६ पृष्ठे, ८ कोपरे, १२ कडा. पुन्हा २! ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७५० साली आपल्या मित्राला पत्राने कळवलेला हा नियम, पोरांनी कामट्यांवर पडताळून पाहिला.

सपाटातून सारेच काही घडते असे मात्र नाही. कागद गुंडाळला की वृत्तचिती होते, वर्तुळपाकळी वळवली की शंकू होतो. गोल काही केल्या होत नाही. कागद चुरगळतो किंवा फाटतो. गाउसने १८२७ साली याचे कारण सिद्ध केले. आमच्या घरच्या बायकांना ते मोदक वळताना ठाऊक होतेच. चपट्या पारीला कळ्या पाडल्याशिवाय तिच्या पोटात सारण मावत नाही. नकाशाची अडचणही हीच. मर्केटरच्या पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. कागदावरून कुणाचे मोठेपण ठरवू नये, एवढे तरी भूमितीने आपल्याला शिकवावे.

यंदा फराळ आटोपला की एक करा. पुठ्ठ्याचे घनाकार खोके घ्या आणि सहाही चौरस एकमेकांना कडेने जोडलेले राहतील असे कापून उलगडा. अशा उलगडण्याच्या तऱ्हा बरोबर ११ आहेत. मोठी माणसे कागद-पेन्सील घेऊन बसतील, धाकटी कात्री घेतील. माझी पैज धाकट्यांवर!