आभाळ आलं तर मोटर चालेल काय?



आज पिकाची नोंद नाही, लाईनची आहे. थोडी लांबली आहे, पण ज्यांच्या विहिरीवर थ्री फेजची मोटर आहे त्यांनी पूर्ण वाचावी.

मागच्या महिन्यात आमच्या गावात ग्रामसभा झाली. विषय होता ई-क्लास जमिनीवर सौर प्रकल्प. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचा फीडर सोलरवर घ्यायचा, म्हणजे ओलिताला दिवसा लाईन भेटेल, असं सांगण्यात आलं. सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात आमच्या धुऱ्याचे शेजारी काकाजी उठले आणि म्हणाले, "दिवसा लाईन भेटन हे बराबर. पण आभाळ आलं त? मंग मोटर चालन का बंद पडन?"

कोणी म्हणे, बंद पडन. कोणी म्हणे, सोलर असलं म्हणजे लाईन जातच नाही. गलका झाला आणि सभा पुढच्या महिन्यावर गेली. मी गप्प होतो, कारण मलाही उत्तर येत नव्हतं.

पण मला उत्तर पाहिजे होतं. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीची लाईन होती. चन्याला पाणी सुरू होतं. रात्री दीडच्या सुमारास लहान भाऊ स्प्रिंकलरचे पाईप बदलवायला गेला आणि घोणस चावली. दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून वाचला. पण पाय अजून सुजतो, आणि अंधार पडला की तो वावरात जात नाही. आमच्या घरात दिवसा लाईन हा राजकारणाचा विषय नाही.

म्हणून महिनाभर विचारपूस केली. आमच्या नात्यातले एक दादाजी सबस्टेशनवर ऑपरेटर होते, आता रिटायर आहेत. त्यांच्याजवळ दोन वेळा बसलो. जे समजलं ते आपल्या भाषेत लिहितो. चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आईल इंजन आठवा

माझ्या वडिलांच्या वेळी विहिरीवर किर्लोस्करचं आईल इंजन होतं. दोन्ही बाजूंना भारी लोखंडी चाकं. पट्टा चढवला की इंजन थोडं दबायचं, आवाज जड व्हायचा, मग गव्हर्नर डिझेल वाढवायचा आणि गती पुन्हा जागेवर यायची. मधल्या त्या क्षणात भार कोण ओढायचं? ते फिरतं चाक. चाक हलकं असतं तर इंजन बंदच पडलं असतं.

ग्रीड म्हणजे असंच देशभराचं एक इंजन समजा. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रीडही उरलेल्या देशाला जुळलं. आपल्या वर्धा जिल्ह्यातही पॉवरग्रीडचं ७६५ केव्हीचं उपकेंद्र आहे. ते मोठाले टॉवर त्याच इंजनाचे पट्टे.

या इंजनाची गती म्हणजे फ्रिक्वेन्सी, ५० हर्ट्झ. वापर वाढला आणि वीज कमी पडली की गती खाली, वीज जास्त झाली की गती वर. ती ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायचा नियम आहे. वीज कोठ्यात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणाला जेवढी लागते, त्याच क्षणाला तेवढीच तयार झाली पाहिजे.

एकदम फरक पडला तर काय होते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. २०२० च्या ५ एप्रिलला रात्री ९ वाजता ९ मिनिटं लाईट बंद करून दिवे लावले होते, आठवते ना? १२ ते १४ हजार मेगावॅट मागणी कमी होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात कमी झाली ३१ हजारांवर. तरी ग्रीड टिकलं, कारण धरणावरचे जलविद्युत संच आधीच जोरात चालवून ठेवले होते आणि त्या वेळी झपाट्यानं कमी केले. उलट ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेत ग्रीड बसलं. दुसऱ्या दिवशी त्यात पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. आपलं पश्चिम ग्रीड तेव्हा वाचलं.

सोलरमध्ये चाक नाही

कोराडीला, चंद्रपूरला कोळशावर जे संच चालतात त्यांत भारी चाकासारखे रोटर फिरत असतात. कोयनेतही फिरतात. सोलरच्या पाटीत मात्र फिरणारं काहीच नाही. ऊन पडलं की वीज, ढग आला की कमी. आणि सायंकाळी तर ठरलेलंच आहे, सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घरोघरी लाईट, टीव्ही, मिक्सर सुरू होतात.

त्यामुळे सोलर जसं वाढते तसं दुसरीकडे कोणाला तरी तयार उभं राहावं लागते. आपल्या राज्यात कोयनेचे १,९६० मेगावॅट आहेत, ते काही मिनिटांत सुरू होतात. अकोले तालुक्यात घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. एक धरण वर, एक खाली. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, कमी पडते तेव्हा वरून सोडून वीज करायची. दोन शेततळी समजा. आता त्याच्या जोडीला मोठ्या बॅटऱ्याही येत आहेत.

पवनचक्कीचं आणखी वेगळं. सातारा-धुळ्याकडे पावसाळ्यात वारा चांगला चालतो, जेव्हा ऊन कमी असते. म्हणजे दोघं एकमेकांची बाजू थोडी सांभाळतात, पण रोजच्या सायंकाळचा खड्डा तसाच राहतो.

काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर

आता मूळ प्रश्न. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सभेत आपण त्यांची मिसळ केली.

पहिली, वावरात लावलेला स्वतंत्र सौर पंप. चुलतभावाकडे ५ एचपीचा आहे. त्याचा ग्रीडशी संबंध नाही. सकाळी धार बारीक, ११ ते ३ भरपूर, आणि ढग आला की पाहता पाहता धार खाली. तिथे आभाळ आलं म्हणजे पाणी कमी, ही गोष्ट खरी आहे.

दुसरी, फीडरचं सोलर. ग्रामसभेत विषय हा होता. हा प्रकल्प सबस्टेशनच्या ११ केव्हीला जुळतो. ऊन असलं की मोटारींना तिथूनच वीज. ढग आला की जेवढी कमी पडली तेवढी वरून ३३ केव्हीकडून येते. जास्त झाली तर वर जाते. मोटर बंद पडत नाही. म्हणजे काकाजी, आभाळ आलं तरी मोटर चालन, पण तेव्हा ती कोळशावर नाही तर कोयनेवर चालत असन.

आणि जे म्हणत होते की सोलर आलं म्हणजे लाईन जाणारच नाही, त्यांनी पण ऐकावं. वरून लाईन गेली की हा प्रकल्प भर उन्हातही आपोआप बंद होतो. तसा तो मुद्दाम केलेला असतो. नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला उलटा करंट लागायचा. सोलर वरच्या लाईनचा हात धरूनच चालते.

मोटर जळते ती ढगानं नाही

इथपर्यंत समजल्यावर मी दादाजींना म्हटलं, मग माझी मोटर मागच्या वर्षी जळली ती कशानं? तिथे तर सोलर नव्हतं. ते हसले आणि विचारलं, "तुमच्या डीपीवर मोटारी किती?"

मोजल्या. १६. सगळ्या ५ एचपीच्या. डीपी ६३ केव्हीएचा.

हिशोब पाहा. ६३ चा डीपी दर फेजला साधारण ८४ अँपिअर पेलतो. ५ एचपीची मोटर ७ ते ८ अँपिअर घेते. म्हणजे १० ते ११ मोटारी पेलतील. आमच्या १६, म्हणजे १२० च्या आसपास. आणि सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते. सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटोस्विच. लाईन आली रे आली की १६ मोटारी एकाच सेकंदाला उठतात. सातशे अँपिअरच्या वर झटका. होल्टेज बसते, मोटारी गतीला येत नाहीत, गुरगुरत राहतात, गरम होतात. कोणाची तरी वायंडिंग जाते. त्या वर्षी माझी गेली, ऐन घाटे भरायच्या वेळी. आठ दिवस चना कोरडा राहिला. मी तेव्हा सगळ्यांना शिव्या दिल्या. माझा स्वतःचा ऑटोस्विच त्या १६ मध्ये होता.

तर मित्रांनो, हा फरक लक्षात ठेवा. फ्रिक्वेन्सी साऱ्या देशाची एक असते, ती आपल्या हातात नाही. होल्टेज आपल्या डीपीचं असते आणि ते बरंचसं आपल्याच हातात असते. मोठ्या ग्रीडलाही होल्टेज भोवते. २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. तिथे सोलर पुष्कळ, म्हणून लोकांनी लगेच उन्हावर बोट ठेवलं. चौकशीत निघालं की होल्टेज वाढत गेलं आणि ते सांभाळणारी व्यवस्था कमी पडली, म्हणून एकामागे एक केंद्रं सुटत गेली. पाटी लावणं सोपं, सांभाळण्याची सोय संगं संगं लागते.

आम्ही काय केलं

डीपीवरच्या सगळ्यांना बोलावलं. चहा पाजला, वरचा हिशोब कागदावर मांडला. १६ पैकी ११ जण तयार झाले. ऑटोस्विच काढा म्हटलं असतं तर कोणी ऐकलं नसतं, कारण लाईन केव्हा येईल याचा भरवसा नसतो. म्हणून टायमर लावले. पहिली मोटर लाईन आल्यावर एका मिनिटानं, दुसरी दोन मिनिटांनी, असं. सोबत ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवला. ज्यांचा जळून तसाच लटकला होता त्यांनी बदलला.

माझ्या स्टार्टरच्या मीटरवरची वहीतली नोंद अशी:

आधी: लाईन येताच ४१०, पाच मिनिटांनी ३३०.
आता: लाईन येताच ४१०, पंधरा मिनिटांनी ३६५.

डीपी अजून ओव्हरलोडच आहे, १०० केव्हीएसाठी अर्ज दिला आहे. पाच जण अजून तयार नाहीत. एकानं तोंडावर सांगितलं, "मी शेवटी कायले सुरू करू? माही विहीर आधी उपसली पाहिजे." त्याचंही खोटं नाही, त्याच्या विहिरीला झरा कमी आहे. त्याला मी माझा एक नंबर देऊन पाहणार आहे.

आपण पण बॅटरी आहो

एक गोष्ट मला दादाजींनी शेवटी सांगितली, ती मनात बसली. रुग्णालय म्हणू शकत नाही की ऊन असेल तेव्हाच मशीन चालवतो. घरी सायंकाळचा लाईट दुपारी लावून चालत नाही. पण आपण दुपारी ओलित करू शकतो. जमिनीत मुरलेला ओल, शेततळ्यात चढवलेलं पाणी, ही साठवलेली वीजच आहे. राज्यात ४५ लाखांवर शेतीपंप आहेत. त्यातले फक्त एक लाख ५ एचपीचे धरले तरी पावणेचारशे मेगावॅट होतात. हा भार रात्रीवरून उन्हात आला तर सोलरची वीज जागेवर खपते, आणि कोयनेचं पाणी सायंकाळसाठी उरते.

आणि आपल्याला पाणी लागते केव्हा? चना, गहू, संत्र्याचा आंबिया बहार. दिवाळी ते मे. याच काळात आपल्याकडे आभाळ मोकळं असते. अवकाळीचे दोन-चार दिवस सोडले तर ऊन आणि गरज सोबतच येतात.

पुढच्या सभेत मी हात वर करणार आहे. पण तीन गोष्टी विचारूनच. सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर वाढणार काय? ढगाळ दिवशी आठ तासांची लाईन पूर्ण मिळेल हे लिहून भेटेल काय? आणि त्या ई-क्लासवर चरणारी गुरं कुठे जातील? १ मेगावॅटला चार एकराच्या आसपास जागा लागते, ती गावाच्या चराईतूनच जाणार आहे.

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दिवसाची लाईन आली त मी पाईप बदलवाले येतो." दोन वर्षांत तो पहिल्यांदा असं बोलला.

तुमच्या डीपीवर मोटारी किती आणि डीपी केवढा, हे एकदा मोजून पाहा. लाईन आल्यावर पाच मिनिटांनी मीटरवर किती दिसते ते खाली लिहा. सगळ्यांच्या नोंदी जमल्या तर पुढच्या पोस्टमध्ये एकत्र मांडतो.

जय जवान, जय किसान.