एकाच आडनावाची दोन बिऱ्हाडं

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेल्या आठवड्यात एक फोन आला आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय, म्हटलं एकदाचं लिहून मोकळं व्हावं. विषय आमच्या धंद्यातला आहे. ब्लॉगवाल्या मंडळींपैकी निम्मे याच धंद्यातले, त्यांची हरकत नसावी. मावशी, काका, तुम्हीही वाचा. सदाशिव पेठेतला आपला वाडा यात येणार आहे.

फोन एका जुन्या सहकाऱ्याचा. २०१९ साली तो कॉलेजातून थेट आमच्याकडे लागला होता, आता दुसरीकडे असतो. म्हणाला, "सर, एकाच मशीनवर दोन ब्रोकर बसवतोय. आपण तेव्हा ती पत्त्याची ओळ घातली होती, आठवते का?" ओळ आठवत होतीच. पण तिच्या मागची गोष्टही आठवली, आणि ती मी आजवर कुणाला धड सांगितली नव्हती.

आधी ब्रोकर म्हणजे काय ते. मेसेज ब्रोकर म्हणजे निरोप्या. एका प्रोग्रॅमने त्याच्याकडे निरोप ठेवायचा, त्याने तो रांगेत लावायचा, दुसऱ्या प्रोग्रॅमने येऊन उचलायचा. आमचा निरोप्या होता रॅबिट-एमक्यू. तो मशीनच्या ज्या खोलीत बसतो तिचा ठरलेला नंबर ५६७२. या खोलीला पोर्ट म्हणतात. आणि मशीनला एकच पत्ता असतो असं नाही. आमच्या मशीनला तीन होते: एक बाहेरच्या जगासाठी, एक ऑफिसच्या आतल्या जाळ्यासाठी, आणि १२७.०.०.१ हा स्वतःशीच बोलण्याचा.

आता वाडा आठवा. एक दार हमरस्त्यावर, एक मागच्या बोळात, आणि आत चौक, जिथे फक्त वाड्यातल्यांचा वावर. निरोप्याला तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तर तो तिन्हीकडून येणाऱ्यांची हाक ऐकत बसतो. बसवलं की लगेच चालू व्हावं म्हणून बनवणाऱ्यांनी ही सोय ठेवलेली. मशीन तुमच्या एकट्याचं असेल तर एकवेळ ठीक. आमचं मशीन दोन टीममध्ये वाटून घेतलेलं होतं.

आमचं काम डोळ्यांच्या एका दवाखान्याचं. तपासणीची आठवण, ऑपरेशनची तारीख बदलली तर तसं कळवणं, असे एसएमएस जायचे. दवाखान्याचा प्रोग्रॅम निरोप रांगेत ठेवायचा आणि आमचा प्रोग्रॅम ते उचलून पाठवायचा. शेजारच्या टीमला तसलंच काहीतरी करायचं होतं, आणि हा नवा मुलगा त्यांच्यासाठी चाचणीचा प्रोग्रॅम लिहीत होता. नमुना म्हणून मीच त्याला आमचा कोड दिला होता. त्यामुळे त्याच्या रांगेचं नावही आमच्यासारखंच राहिलं.

दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. "सर, माझा ब्रोकर उठत नाहीये. पोर्ट वापरात आहे म्हणतो. पण प्रोग्रॅम चालतोय."

मी मान वर न करता म्हणालो, "चालतोय ना? मग राहू दे."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

त्याचा ब्रोकर उठणार कसा? सगळ्या पत्त्यांवरची ५६७२ नंबरची खोली आमच्या निरोप्याने अडवलेली. आणि त्याचा प्रोग्रॅम चालत होता तो आमच्याच निरोप्याशी बोलून. रॅबिट-एमक्यूमध्ये 'गेस्ट' नावाचा एक तयार वापरकर्ता असतो, पासवर्डही तोच. २०१४ च्या ३.३.० आवृत्तीपासून त्याला बाहेरून येता येत नाही, फक्त त्याच मशीनवरून. पण हा मुलगा त्याच मशीनवर होता! आम्ही स्वतःसाठी वेगळा वापरकर्ता केला होता, गेस्टला काढायचं राहून गेलं होतं. चौकातून आला, नाव सांगितलं, रांगेत उभा राहिला.

एका रांगेतून उचलणारे दोघं झाले की निरोप्या एक निरोप याला, एक त्याला असे वाटतो. उचलणाऱ्याने 'मिळाला' म्हटलं की निरोप रांगेतून पुसला जातो. त्या मुलाचा प्रोग्रॅम निरोप स्क्रीनवर छापायचा, 'मिळाला' म्हणायचा आणि विसरून जायचा. दुपारपासून संध्याकाळपर्यंत दवाखान्याचे जवळपास निम्मे निरोप असे गेले. कुठे काही बिघडलं म्हणून लाल दिवा लागला नाही, कारण कुणाच्याच दृष्टीने काही बिघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोरच्या पलीकडल्या एका गावाहून एक आजोबा पहिल्या एसटीने दवाखान्यात हजर. मोतीबिंदूचं ऑपरेशन, उपाशीपोटी, सोबत नातू. डॉक्टरांनी तारीख दोन दिवस पुढे ढकलली होती. तो निरोप त्यांना गेलाच नव्हता.

दवाखान्यातून फोन आला. स्पीकरवर होता, टेबलाभोवती सगळे. मी म्हणालो, "आमच्याकडे नवा मुलगा आहे, त्याच्या चाचणीमुळे झालं. पुन्हा होणार नाही." शब्दाशब्दाने खरं होतं. तो मुलगा समोरच उभा होता. काही बोलला नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी वाडा पाहिलाय त्यांना आठवत असेल, आपल्याच आडनावाचं दुसरं एक बिऱ्हाड मागच्या बाजूला होतं. पोस्टमन पत्रं देवडीत टाकून जायचा, ज्याला जे आपलं वाटेल ते त्याने उचलायचं. धाकट्या काकांचं मुलाखतीचं बोलावणं असंच मागे गेलं, रेडिओखाली राहिलं, आणि सापडलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. घरात सगळे मागच्यांवर चिडले. आजोबा मात्र कुणाला काही बोलले नाहीत. म्हणाले, "पेटी आपणच लावायला हवी होती." आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी आणून तिच्यावर पूर्ण नाव रंगवून घेतलं. (काका, जुनं उकरून काढलं म्हणून रागावू नका.)

त्या संध्याकाळी आम्ही दोघं थांबलो. मशीनवर कोण कुठे ऐकतंय ते दाखवणारी एक आज्ञा असते, ती चालवली. ५६७२ च्या आधी पत्त्याच्या जागी नुसती चांदणी. चांदणी म्हणजे सगळे पत्ते. कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये ऐकण्याची एक ओळ असते, तिथे नुसत्या पोर्टऐवजी आतल्या जाळ्याचा पत्ता, विसर्गचिन्ह आणि ५६७२ असं लिहिलं. ब्रोकर बंद करून चालू केला. चांदणी गेली. मी म्हटलं झालं, चला घरी.

तो म्हणाला, "सर, अजून तीन आहेत."

खरंच होत्या. देखरेखीचं पान दिसतं ते १५६७२ वर. त्याचा पत्ता वेगळ्या ओळीत द्यावा लागतो. ब्रोकर एकमेकांशी बोलतात ते २५६७२ वर, आणि ते ज्या अर्लांगमध्ये रॅबिट-एमक्यू लिहिलंय त्याच्या सेटिंगमधून बांधावं लागतं. तसं बांधलं, तर ब्रोकरला हुकूम सोडायचं साधनच 'नोड सापडत नाही' म्हणायला लागलं, कारण मशीनचं नाव १२७.०.१.१ कडे बोट दाखवत होतं. तेही सुधारलं. चौथा ४३६९, म्हणजे अर्लांगचा पत्ते सांगणारा कारकून. हा अख्ख्या मशीनवर मिळून एकच असतो आणि आपला ब्रोकर बंद केला तरी हा चालूच राहतो. त्याचा पत्ता तो सुरू होतानाच वाचतो, त्यामुळे त्यालाही मुद्दाम उठवून पुन्हा बसवावं लागलं. मग शेजाऱ्यांच्या ब्रोकरला वेगळं नाव आणि मशीनला मागून घेतलेला आणखी एक आतला पत्ता दिला. आता दोघांनाही आपापल्या पत्त्यावर ५६७२ च मिळाला, फक्त आपसात बोलायचा पोर्ट त्यांचा वेगळा ठेवला.

एक सांगून ठेवतो, कारण यात बरेच जण फसतात. पत्ता बांधला म्हणजे कुलूप लागलं असं नाही. त्याच मशीनवरचा प्रोग्रॅम त्या मशीनच्या कुठल्याही पत्त्यावर जाऊन दार वाजवू शकतोच. बाहेरच्या दारातून येणारे अडले आणि शेजाऱ्याला त्याची खोली मिळाली, एवढं मात्र झालं. म्हणून गेस्टलाही काढलं, आणि रांगेचं नाव बदललं.

रात्री साडेनऊला निघालो. जिन्यात त्याला सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याला फोन करून सांगायला हवं होतं की दार उघडं मी ठेवलं होतं, आणि त्या मुलाने मला दुपारीच विचारलं होतं. यातलं काहीच केलं नाही. आजोबांचं ऑपरेशन दोन दिवसांनी नीट झालं असं कळलं, आणि मी स्वतःला सांगितलं, मिटलं. पुढे त्या मुलाच्या कामाबद्दल बैठकीत कुणीतरी "तोच ना, ते एसएमएस?" असं म्हणायचं, तेव्हाही मी गप्पच.

गेल्या आठवड्यात ओळ सांगून झाल्यावर मी म्हणालो, "तेव्हा चूक माझी होती. तू विचारायला आला होतास आणि मी राहू दे म्हटलं होतं. ते सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "हो सर." आणि जरा थांबून, "आणि ४३६९ चं काय करायचं? तो आधीपासून चालू आहे."

मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

असो. बैठकीत ते एसएमएसचं बोलणाऱ्यांपैकी दोघं-तिघं हा ब्लॉग वाचतात, त्यांच्यासाठीही हे लिहिलंय.