पंधरा हजारांचा बर्गर

डिसेंबर २०२० मध्ये बर्गर किंग इंडियाचा आयपीओ आला, तेव्हा बऱ्हाणपुरातल्या आमच्या घरात कुणीही त्यांचा बर्गर चाखलेला नव्हता. तरी घरातल्या प्रत्येक पॅनकार्डावर अर्ज गेला. भाव ६० रुपये, लॉट २५० शेअर्सचा, म्हणजे अर्जामागे १५,००० रुपये. कंपनी तोट्यात, वर्ष कोरोनाचं, हॉटेलं जेमतेम उघडलेली. बाजाराला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मागणी आली १५६ पट. एका रात्री मुलगा मोबाइल घेऊन धावत आला, "बाबा, तुमच्या नावावर लागला!"

१४ डिसेंबरला शेअर ११५च्या आसपास उघडला. मी १३० विकून मुद्दल जवळजवळ मोकळं केलं, १२० ठेवले. तीन-चार दिवसांत भाव दोनशेपार गेला आणि मित्रांनी मला वेड्यात काढलं.

उरलेल्या शेअर्समुळे दर तिमाहीचे निकाल वाचायची सवय लागली. नव्या शाखांचा आकडा वाढतच होता, कारण २०२६ अखेरपर्यंत ७०० शाखा काढायचं कंपनीनं करारात कबूल केलं होतं. माझं लक्ष जुन्या शाखांच्या विक्रीवर असायचं. ती वाढली नाही तर भाडं, पगार आणि जाहिरात सगळं खाऊन टाकतात. त्यात कंपनीनं इंडोनेशियातला धंदा घेतला, २०२२ मध्ये नाव रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया झालं आणि तिथला तोटाही ताळेबंदावर आला.

आमच्याकडे संध्याकाळी मावा जलेबीच्या कढईभोवती गर्दी असते. काळसर तांबूस जलेबी पाकातून निघते न निघते तोच तराजूत पडते. रात्री मावा, साखर, गॅस आणि कारागिराची रोजी वजा करून गल्ल्यात उरेल तो नफा. दहा वर्षांनी विकायच्या जलेबीचे पैसे हलवायाला आज कुणी देत नाही. शेअर बाजारात मात्र तेच चालतं: उद्याच्या शाखांची किंमत आजच वसूल होते, आणि विक्री मागे राहिली की भाव खाली येतो.

जपानात सरकत्या पट्ट्यावर सुशीच्या बशा फिरवणाऱ्या सुशिरोचंही पाहा. जानेवारी २०२३ मध्ये एका गिऱ्हाइकानं सॉसची बाटली चाटल्याचा व्हिडिओ पसरला आणि मालक कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे ५ टक्के पडला. पुढे गिऱ्हाइकं परतली, नफा वाढला, आणि २०२५ पर्यंत तोच शेअर जुन्या भावाच्या कितीतरी वर गेला.

माझा शेअर २०२५ मध्ये बराच काळ साठ ते ऐंशीच्या घरात रेंगाळला. म्हणून सांगतो, हॉटेलचा शेअर घेताना किती नव्या पाट्या लागल्या ते मोजू नका. जुन्या दुकानात भाडं देऊन काय उरतं, ते आधी बघा.