बोटांच्या गाठी

जिंतूरच्या तहसील कचेरीत पाहणीपत्रकांच्या नकला उतरवण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्या कारकुनाच्या उजव्या हाताला, नखांलगतच्या सांध्यांवर, हरभऱ्याएवढ्या टणक गाठी धराव्यात यात मला कधी नवल वाटले नाही. उलट लेखणीने बहाल केलेली ती सनदच आहे अशा थाटात मी त्या मिरवीत असे. पुढे डाव्या हातालाही त्या आल्या तेव्हा माझी उपपत्ती डळमळली, आणि आठवली आई, जिने जन्मात लेखणी धरली नाही, पण ज्वारीची भाकरी थापताना जिच्या वाकड्या बोटांचे ठसे पिठावर तिरपे उमटत. वारसा तिचाच होता. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने केलेले या गाठींचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८०२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात.

जिथे हाड असे वरकड वाढते तिथे आतली गंगाजळी भरलेलीच असणार, हा माझा हिशेब होता. गेल्या पावसाळ्यात ओट्याच्या ओल्या पायरीवर पाय घसरला, तळहात टेकला आणि मनगट मोडले. एवढ्याशा पडण्याने मोडायला नको होते, असे म्हणून डॉक्टरांनी हाडांची घनता मोजून घ्यायला औरंगाबादेस धाडले. अहवालात खुब्याचा आकडा उणे २.७, कमरेच्या मणक्यांचा उणे १.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेले की हाड ठिसूळ समजायचे. मी साहजिकच मणक्यांच्या आकड्यावर माझे गाठाळ बोट ठेवले.

"काका, त्यावर भिस्त ठेवू नका. बोटांसारखंच तुमच्या मणक्यांच्या कडांनाही हाड वाढलंय, आणि यंत्र तेही जमेस धरतं."

माझ्या गाठी ज्या झिजेच्या संधिवाताच्या, तो खुब्यात वा गुडघ्यात असला तर घनता सरासरीने अधिक आढळते, हे डॉक्टरांनी मान्य केले. हाताच्या गाठींच्या बाबतीत मात्र कोणी अधिक सांगतो, कोणी फरकच नाही म्हणतो, कोणी उणी. गाठ म्हणजे कूर्चा झिजल्यावर शरीराने सांध्याच्या कडेला केलेली डागडुजी. तिच्यावरून साऱ्या सांगाड्याचा ताळेबंद मांडण्याची चूक, जन्मभर नोंदी उतरवूनही, मी केली होती.

त्यांनी लाल शाईने मणक्यांचा आकडा खोडला. खोडलेल्या नोंदीसमोर सही हवी, हा कचेरीचा शिरस्ता. मी कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.